कोरडे नरसाळे आणि योग्य अनुपलब्धी

एखादी गोष्ट अस्तित्वात नाही हे ज्ञान कशाच्या आधारावर होते, हा भारतीय प्रमाणशास्त्रातील जुना आणि सूक्ष्म प्रश्न आहे. धोका नाही, गळती नाही, आग नाही अशा अभावाच्या ज्ञानावर विसंबूनच माणूस रात्री निर्धास्त झोपतो, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घर कळत-नकळत देतच असते. ब्रिटनमधील छोट्या घरासाठी अनव्हेंटेड सिलिंडर निवडताना, म्हणजे बाहेरच्या हवेला वाट न ठेवता बंद केलेली आणि सार्वजनिक नळाच्या दाबावर थेट चालणारी गरम पाण्याची टाकी घेताना, हे उत्तर विचारपूर्वक द्यावे लागते.

तेथील जुन्या पद्धतीत पोटमाळ्यावर थंड पाण्याची टाकी असे, तिच्यातून खाली तांब्याच्या सिलिंडरमध्ये पाणी उतरे, आणि सिलिंडरच्या माथ्यावरून निघालेली हवानळी पुन्हा त्या टाकीवर उघडी सोडलेली असे. पाणी तापून फुगले तर ते या नळीत चढे आणि उकळलेच तर वाफ तिथूनच निघून जाई. महाराष्ट्रातील घरोघरच्या तांब्याच्या बंबाची सुरक्षितताही अशीच होती: हवेला वाट मोकळी असल्यामुळे दाब साठण्याचा प्रश्नच नसे. अशा व्यवस्थेत विश्वास ठेवण्याजोगे फारसे काही नसते, कारण उघडेपणा हाच तिचा रक्षक असतो. मात्र नहाणीघर टाकीच्या खाली जेमतेम दोन-तीन मीटरवर असेल, तर शॉवरला मिळणारा दाब ०.२ ते ०.३ बार एवढाच राहतो (एक बार म्हणजे सुमारे दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब), आणि ज्या छोट्या सदनिकेला पोटमाळाच नाही तिथे ही पद्धत बसवणेच कठीण. १९८० च्या दशकाच्या मध्यात ब्रिटनच्या बांधकाम नियमांनी बंद सिलिंडरला परवानगी दिली आणि छोट्या घरांची ही अडचण दूर झाली.

अडचणीच्या जागी एक जबाबदारी आली. उघड्या भांड्यातील पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, पण तीन बार जादा दाबाखाली ते सुमारे १४४ अंशांपर्यंत उकळत नाही. अशा अतितप्त पाण्याची टाकी फुटली तर दाब एकाएकी नाहीसा होऊन पाण्याचा काही भाग तत्क्षणी वाफ होतो, आणि वाफ पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा मागते. म्हणून १५ लिटरहून मोठ्या टाकीसाठी इंग्लंडच्या नियमांतील ‘जी-३’ हे कलम एकामागे एक संरक्षणे मागते. पहिले संरक्षण म्हणजे नेहमीचा थर्मोस्टॅट, जो पाणी ६० अंशांच्या आसपास ठेवतो. त्याहून थंड साठवणीत लिजिओनेला या जिवाणूचे भय असते. दुसरे संरक्षण म्हणजे तापमान फार वाढल्यास उष्णता तोडणारा आणि आपणहून पुन्हा सुरू न होणारा कट-आउट. कारण शोधायला माणसाला यावेच लागावे, हा त्यामागचा हेतू आदराने दखल घ्यावी असा आहे. तिसरे संरक्षण म्हणजे ९० ते ९५ अंशांना उघडणारा व्हॉल्व्ह. तापताना पाणी फुगते, त्याची सोय हवेचा कप्पा असलेले प्रसरणपात्र करते, आणि ते निकामी झाल्यास दाबाचा वेगळा व्हॉल्व्ह पाणी सोडतो. व्हॉल्व्हमधून सुटलेले हे पाणी ‘टुंडिश’ नावाच्या लहान नरसाळ्यात पडते, ज्याच्या वर मुद्दाम मोकळी फट ठेवलेली असते, जेणेकरून पडणारे पाणी डोळ्यांना दिसावे.

प्रमाणविचाराचा कस या नरसाळ्यापाशी लागतो. मीमांसक ज्ञानाचे प्रामाण्य स्वतः मानतात, म्हणजे बाधक पुरावा पुढे येईपर्यंत ज्ञान खरेच धरावे असे म्हणतात. नैयायिक ते परतः मानतात, म्हणजे त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती सफल झाली की त्याचे खरेपण ठरते असे म्हणतात. गरम पाण्याच्या नळापुरती नैयायिकांची कसोटी पुरेशी आहे, कारण नळ सोडला आणि पाणी गरम आले की शंका मिटते. सुरक्षेच्या व्हॉल्व्हला मात्र ती लागू पडत नाही. हजार दिवस पाणी उत्तम तापले, यावरून एवढेच कळते की त्या हजार दिवसांत व्हॉल्व्हवर काम करण्याची वेळच आली नाही. क्षारांनी तो जागीच घट्ट बसला असता, तरीही तेच हजार दिवस तितक्याच सुखात गेले असते.

येथे अनुपलब्धीचा विचार उपयोगी पडतो. कुमारिल भट्टांची परंपरा आणि अद्वैत वेदान्त अनुपलब्धीला, म्हणजे न दिसण्याला, अभाव जाणण्याचे स्वतंत्र प्रमाण मानतात. नैयायिक तिला प्रत्यक्षाची सहकारी मानतात. एका अटीवर मात्र दोन्ही पक्ष ठाम आहेत: ती अनुपलब्धी ‘योग्य’ असली पाहिजे, म्हणजे वस्तू तिथे असती तर ती नक्की दिसली असती असे म्हणता आले पाहिजे. उजेडात जमिनीवर घट दिसला नाही तर घट नाही हे कळते, अंधारात दिसला नाही तर काहीच कळत नाही. कोरडे नरसाळे तेव्हाच काही सांगते, जेव्हा ते ओले झाले असते तर कोणीतरी ते पाहिले असते. छोट्या घरात जागा वाचवण्यासाठी सिलिंडर जिन्याखाली किंवा कपाटात ढकलून त्यापुढे फळी ठोकण्याचा मोह फार असतो, आणि त्या फळीमागे प्रमाण नाहीसे होते: थेंब पडत असतील वा नसतील, बाहेरून दोन्ही स्थिती सारख्याच शांत. म्हणून टाकी कुठे बसवायची हा निवडीतला सर्वांत गंभीर प्रश्न ठरतो, लिटरांच्या आकड्याहूनही गंभीर.

आकड्याचे उत्तर तुलनेने सोपे आहे. नळाचे पाणी १० अंश, साठवलेले ६० अंश आणि शॉवरचे ४० अंश धरले, तर मिश्रणात गरम पाण्याचा वाटा ६० टक्के येतो. मिनिटाला ८ लिटरने ८ मिनिटे स्नान केले तर सुमारे ३८ लिटर गरम पाणी लागते, आणि दोघांच्या घराला १२० लिटरची टाकी पुरून उरते. त्याहून मोठी टाकी घेणे म्हणजे न वापरलेली उष्णता रोज भिंतींना देणे. दाब मोजताना मात्र सावध राहावे, कारण सगळे नळ बंद असताना दाबमापक दाखवतो तो आकडा आणि दोन नळ सोडल्यावर मिळणारा प्रवाह यांत पुष्कळ अंतर पडू शकते. रस्त्यापासून घरापर्यंतची जुनी नळी अरुंद असेल, तर उत्तम सिलिंडरही तिथे निष्प्रभ ठरतो.

जे गृहस्थाला स्वतः पाहता येत नाही, त्यासाठी शब्दप्रमाणाचा आधार घ्यावा लागतो, म्हणजे आप्ताच्या, विश्वसनीय माणसाच्या वचनाचा. न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन आप्त त्याला म्हणतात ज्याने विषय साक्षात जाणला आहे आणि जसा जाणला तसाच तो सांगण्याची ज्याला इच्छा आहे. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू पडते, असेही ते स्पष्ट करतात. या उदार व्याख्येत बंद सिलिंडर बसवण्याचे प्रशिक्षण घेतलेला प्लंबर पूर्णपणे बसतो, पण तिच्या दोन्ही अटींसह. वार्षिक तपासणीत त्याने व्हॉल्व्ह हाताने उघडून पाणी नरसाळ्यात पडताना पाहिले असेल आणि प्रसरणपात्रातील हवेचा दाब मोजला असेल, तरच त्याची सही आप्तवाक्य ठरते. न पाहता केलेली सही शाईने लिहिलेली असली तरी ज्ञानाच्या दृष्टीने कोरी आहे.

अनुपलब्धीची योग्यता वस्तूइतकीच ज्ञात्यावरही अवलंबून असते, हे शेवटी ध्यानात घ्यावे लागते, कारण सिलिंडर निवडणारा आणि त्याच्याशेजारी झोपणारा नेहमी एकच नसतो. भाडेकरू येतात, घर विकले जाते, खालच्या मजल्यावर दुसरे कुटुंब राहते, आणि त्यांपैकी कोणालाही त्या नरसाळ्याचा अर्थ सांगितलेला नसतो. इंग्लंडचे मार्गदर्शन येथे एक सुज्ञ पाऊल पुढे टाकते: घरात अंधुक दृष्टीचे किंवा हालचालीस अडचण असलेले कोणी राहणार असेल, तर पाणी सुटताच सूचना देणारे विजेवरचे साधन बसवण्याचा विचार करावा, असे ते सांगते. ज्याच्या डोळ्यांना थेंब दिसणार नाही, त्याच्या कानापर्यंत तो या साधनामुळे पोचतो.