ऑर्क कुठून आले?

दोस्तहो, टोल्किन नावाच्या इंग्रज लेखकानं एक अख्खी दुनिया रचली. भाषा, लिप्या, नकाशे, सगळं. १९५४-५५ साली 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' तीन भागांत आलं. राजांच्या वंशावळ्या पानंच्या पानं. पण शत्रूच्या फौजेतले ते कुरूप, क्रूर ऑर्क मुळात आले कुठून, हे शेवटपर्यंत पक्कं झालंच नाही.

१९७३ ला लेखक गेला. १९७७ ला पोरानं 'द सिल्मरिलियन' छापलं. त्यात एल्फ लोकांना पकडून, छळून, नासवून ऑर्क केल्याचं आलंय. पण खुद्द टोल्किनला ते पटत नव्हतं. १९९३ ला छापलेल्या त्याच्या टिपणांत कधी ऑर्क माणसांपासून झालेत, कधी ती बिनआत्म्याची जनावरं, पोपटासारखी पढवलेली. तो पडला श्रद्धाळू कॅथलिक. सैतानाला जीव घडवता येत नाही, फक्त नासवता येतो. मग नासवलेला जीव सुधारत का नाही? इथं त्याची लेखणी अडली. त्यानं खोटं उत्तर ठोकून दिलं नाही, एवढं मानलं पाहिजे.

पण लेखणी अडली तरी तलवार कुठं अडली? हेल्म्स डीपच्या लढाईत गिमली आणि लेगोलास मुडदे मोजतात. एकाचे ४२, दुसऱ्याचे ४१. पैजच लागलेली. त्याच लढाईत शत्रूच्या बाजूनं लढलेल्या माणसांना माफी मिळते, शपथ घेऊन ती घरी जातात. ऑर्क मात्र एकही जिवंत उरत नाही. म्हणजे चौकशी अपुरी, आणि फाशी देऊन मोकळे!

त्याच पुस्तकात शॅग्रॅट आणि गोर्बॅग हे दोन ऑर्क बोलत बसतात. लढाई संपली की चार भरवशाची पोरं घेऊन निघून जाऊ, जिथं वर कुणी साहेब नसेल. पाळी सुटल्यावर आपण बोलतो तसंच. ते संत नाहीत. लुटीच्याच गोष्टी करतात, पुढं लुटीवरून एकमेकांवर उठतात. पण पाप करणं वेगळं आणि जन्मानंच पापी ठरणं वेगळं. पोपट असली स्वप्नं बघत नाही.

आपल्याला हा डाव ओळखीचा आहे. आपल्याही इतिहासात पानं गायब आहेत. १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये बाबासाहेबांनी तुटलेले दुवे तर्कानं सांधले. अस्पृश्यता सनातन नाही, ती इसवी सन ४०० च्या आसपास सुरू झाली, असं मांडलं. जिला सुरुवात आहे तिला शेवटही असतो.

पण एक धोका आहे, मित्रांनो. कोरी जागा दिसली की आपल्यातलेही काही तिथं एखादा राजा आणून बसवतात. आपण मूळचे थोर, म्हणून आम्हाला माणूस म्हणा! का? मूळ थोर नसतं तर माणूस नव्हतो? जन्मकथेनं मान मिळत असेल तर जन्मकथेनं तो काढूनही घेता येतो. तो तराजूच त्यांचा.

ऑर्कच्या जन्माचं पान कोरं राहू दे. साहेब नसलेली जागा हवी म्हणणारा कुठून आला हे नंतर विचारा. आधी हातातली तलवार खाली ठेवा.