काटा पडला म्हणून युनिट फेकू नकोस

सातपूर, नाशिक

चि. संदीप,

काल ताईचा फोन आला होता. जीपचा पेट्रोलचा काटा पावसाळ्यापासून रिकाम्या टाकीच्या खुणेवरच पडून आहे, तू टाकीत लाकडी पट्टी घालून अंदाज घेतोस आणि आता नवं टँक युनिट आणायला निघाला आहेस, असं ती म्हणाली. द्राक्षाची छाटणी तोंडावर आली, तुला घाई असणारच. तरी आधी एवढं वाच. युनिट मेलंय हे अजून कुणी तपासलेलंच नाही.

दाजींची जीप जुनी हाय बॉनेट, म्हणजे सीजे थ्री बी. तिची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, आणि युनिट टाकीच्या माथ्यावर. आत फ्लोट, फ्लोटला दांडी, आणि दांडीच्या टोकाला एक पत्ती. बारीक तारेच्या वेटोळ्यावरून ती पत्ती सरकते आणि त्याप्रमाणे करंटला होणारा विरोध कमीजास्त होतो. एक वायर काट्याकडे जाते. दुसरी वायर नसतेच; करंट युनिटच्या स्क्रूंमधून टाकीत आणि टाकीतून बॉडीत उतरतो. म्हणून टाकीवर गंज चढला की युनिट धडधाकट असूनही काटा मरतो.

आणि गंज का चढला, ते मागच्या खेपेला मी डोळ्यांनी पाहिलंय. सीटमागे मोरचूदाची फुटकी गोणी होती आणि निळी पूड सीटखालपर्यंत सांडलेली होती. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण करताना तू लोखंडी सळई बुडवून पाहतोस. सळई तांबूस झाली की चुना कमी पडला. म्हणजे मोकळा मोरचूद लोखंड खातो आणि त्यावर तांबं बसवतो. पावसाळ्याच्या दमट हवेत तुझ्या टाकीच्या माथ्यावर चार महिने हेच चाललं होतं. मोरचूद जीपमधून न्यायचाच असेल तर झाकणाच्या प्लास्टिकच्या ड्रममधून ने. हे केलं नाहीस तर पुढची सगळी दुरुस्ती वाया जाईल.

आता तपासणी. जीप उघड्यावर, सपाट जागी उभी कर. टाकीचं झाकण घट्ट बंद असू दे. आधी बॅटरीची केबल काढ, मग युनिटवरची वायर सोडव. त्या वायरला लांब वायर जोड, मध्ये डॅशबोर्डचा छोटा बल्ब घाल आणि दुसरं टोक टाकीपासून दूर, चासीच्या खरवडून स्वच्छ केलेल्या बोल्टला पक्कं आवळ. सगळं जोडून झाल्यावरच बॅटरी लाव आणि चावी फिरव. ठिणगी पडलीच तर ती टाकीजवळ पडता कामा नये, म्हणून हा क्रम. काटा वर सरकला तर काटाही चांगला आणि वायरही चांगली.

मग पुन्हा बॅटरी काढून युनिटच्या एका स्क्रूपासून चासीपर्यंत वेगळी अर्थची वायर टाक आणि मूळ वायर जागेवर लाव. मग बॅटरी जोडून चावी फिरव. बऱ्याच जुन्या गाड्यांचा काटा एवढ्यावर जिवंत होतो. झाला तर तिथेच थांब, टाकी उघडू नकोस.

नाहीच झाला, तर युनिट काढावं लागेल. टाकी आधी रिकामी कर, पण रिकामी टाकी सुरक्षित असं समजू नकोस. तिच्यात पेट्रोलची वाफ असते आणि भडका त्या वाफेचाच उडतो. विडी, मोबाइल, ग्राइंडर, सगळं लांब. स्क्रू गंजलेले असतील, त्यांना गंज सोडवायचं तेल रात्रभर पाज. हातोडा चालवू नकोस. काढण्यापूर्वी युनिट कुठल्या बाजूला तोंड करून बसलंय त्याची खूण करून ठेव.

हातात आल्यावर आधी फ्लोट कानाशी धरून हलव. पितळी पोकळ फ्लोटमध्ये खळखळ ऐकू आली तर तो फुटलाय, आत पेट्रोल शिरलंय. त्याला घरी डाग द्यायला बसू नकोस. सरळ नवा फ्लोट बसव. कॉर्कचा असला तर बोटाने चाचपून पाहा. जुन्या कॉर्कवर लाखेचा थर असायचा, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. पंपावर हल्ली 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यात तो थर टिकत नाही. कॉर्क पेट्रोल पितो, जड होतो आणि बुडतो. तारेत काही दोष नसताना काटा खाली पडायला हेही कारण पुरतं.

तारेला पॉलिश पेपर लावू नकोस, हे मी ठासून सांगतो. ती केसासारखी असते, दोनदा घासताच तुटते. कॉन्टॅक्ट क्लीनर मार, मऊ ब्रशने हिरवट थर काढ, पत्तीचं टोक खोडरबराने घास. मग मल्टीमीटर ओहमवर ठेवून दांडी अगदी हळू वर ने. आकडा सलग बदलत गेला पाहिजे. मध्येच उडी मारली किंवा सर्किट तुटलेलं दाखवलं, तर तार तिथे गेलीय. काट्याचा मीटर मिळाला तर या कामाला तोच बरा, त्यात ती उडी चटकन दिसते.

तार खरंच तुटली असेल तर नवं युनिट घे, पण दांडी पूर्ण खाली आणि पूर्ण वर असतानाचे दोन्ही आकडे लिहून दुकानात जा. स्क्रूची भोकं जुळली म्हणून युनिट जुळतं असं नाही; ओहम काट्याशी जुळले पाहिजेत, नाहीतर अर्धी टाकी भरलेली दिसेल. तार तुटलेली नसून फक्त झिजली असेल तर पत्ती किंचित वाकवून ती न झिजलेल्या पट्ट्यावरून फिरवता येते. मी आधी तेच करून पाहीन.

बसवताना पेट्रोल सहन करणारं नवं पॅकिंग घाल. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं. मग पाच-पाच लिटर पेट्रोल ओतत काटा कुठे येतो ते काचेवर मार्करने टिपून ठेव. पुढच्या पावसाळ्यात जीप उभी राहणार असेल तर टाकी जवळजवळ भरून ठेव, आत दमट हवेला फारशी जागा उरणार नाही.

अर्थची वायर टाकून काय होतं ते आधी कळव. युनिट उघडायचंच झालं तर रविवारी मी येतो, माझा मीटर घेऊन. ताईला आणि दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा