वेगळे पातेले

निवृत्तीनंतर आम्ही चार मैत्रिणी इटलीच्या सहलीला गेलो. चौघीही सोलापूरच्या एकाच शाळेत तीस वर्षे शिकवलेल्या. बोलोन्या शहरात एक सकाळ मोकळी मिळाली, म्हणून तिथल्या एका बाईंच्या स्वयंपाकवर्गात नावे घातली. हेतू हौसेचाच होता. पण तिथून मी एक प्रश्न घेऊन परतले आणि तो घरी आल्यावर अधिकच टोचू लागला.

आमच्या अडचणी आम्ही आधीच कळवल्या होत्या. मला हलालचे बंधन. माझी लिंगायत मैत्रीण अंडेही खात नाही. आणि बोलोन्याचा पास्ता म्हणजे शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडे! तिथल्या प्रसिद्ध रस्स्याची जी कृती १९८२ साली शहराच्या वाणिज्य मंडळाकडे नोंदवली गेली, तिच्यात डुकराचे मांस आहे, वाइनही आहे. बाईंनी कपाळाला आठी घातली नाही. अंडी बाजूला ठेवली आणि दक्षिण इटलीच्या रीतीने नुसता रवा आणि पाणी घेतले. शेगडीवर दोन वेगळी पातेली चढली. चीज जमवायला वासराच्या जठरातले रेनेट वापरतात, हेही त्यांनी आपणहून सांगितले आणि किसणी उचलून ठेवली.

रवा आणि पाणी म्हणजे आमच्या शेवयाच की! सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्या दरबारातील भूगोलवेत्ता अल्-इद्रिसी याने ११५४ साली लिहून ठेवले आहे, की पालेर्मोजवळच्या त्राबिया गावी ‘इत्रिय्या’ नावाच्या शेवया होतात आणि जहाजांतून मुसलमानांच्या व ख्रिश्चनांच्या मुलखांत जातात. शेवयांना धर्माची सरहद्द कधी आडवी आली नाही. माणसांना मात्र येते.

पीठ मळताना मैत्रीण एकदम म्हणाली, “अगं, आपण दोघींनी एका पिठात हात घालायची ही पहिलीच वेळ!”

खरेच होते. सोलापुरात आमची घरे दोन गल्ल्यांच्या अंतरावर. संक्रांतीला तिच्या घरून शेंगापोळी येते. ईदला माझ्या घरून तिच्याकडे दूध, साखर, शेवया, खारीक असा कोरडा शिधा जातो. शिजवलेला शीरखुर्मा नव्हे. ही रीत अम्मीच्या काळापासूनची. प्रेम खरे होते, पण ते उंबऱ्यापर्यंत येऊन थांबत होते.

परतल्यावर मी तिच्याकडे शेंगाचटणी शिकायला गेले. तेल सुटेपर्यंत उखळात कुटली. ईदच्या आधी ती माझ्याकडे शीरखुर्मा शिकायला आली आणि पिशवीतून तिने स्वतःचे पातेले काढले. मला लागले. सुनेने माझ्याकडे पाहिले. मी काही बोलले नाही. पण रात्रभर विचार करीत राहिले. बोलोन्यात वेगळे पातेले मला आदर वाटले. माझ्याच घरात ते अपमान का वाटावे?

याला कारण आहे. आपल्या देशात वेगळ्या भांड्याचा इतिहास कडू आहे. दलिताची कपबशी वेगळी, ती बाहेर कोनाड्यात, आणि पिणाऱ्यानेच ती विसळायची. १९२७ साली बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले, ते केवळ तहान भागवायला नव्हे. आपणही इतरांसारखीच माणसे आहोत, हे सिद्ध करायला. मुसलमानांसाठी वेगळा पेला ठेवणारी घरेही आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. ती जखम जुनी आहे, म्हणून हात लागताच दुखते.

पण मग हलालसाठी मी जे वेगळे पातेले मागते, त्याचे काय? मी यजमानाचा अपमान करते का? नाही. मी अन्नाबद्दल बोलत असते, माणसाबद्दल नव्हे. तर मग हाच न्याय मी मैत्रिणीलाही द्यायला हवा. पातेले वेगळे आहे, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. ते अन्नासाठी वेगळे आहे की माणसासाठी, हे पाहावे लागते. ओळखण्याची खूण साधी आहे : पातेले वेगळे ठेवणारा माणूस शेजारी बसतो का? आपला हात लागल्यावर ते भांडे टाकून देतो, की त्याच हाताकडून ढवळून घेतो?

तिने माझ्याच हाताने शेवया परतून घेतल्या होत्या. दूधही मीच ओतले होते. माझ्या दस्तरखानावर, माझ्याशेजारी मांडी घालून तिने तो शीरखुर्मा खाल्ला. हे सारे माझ्या डोळ्यांदेखत घडले. मी मात्र पातेल्याकडेच पाहत राहिले होते.

आपापली बंधने सोडल्याशिवाय शेजारधर्म पूर्ण होत नाही, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. बंधने राहोत; ती मोकळेपणाने सांगता येतील आणि समोरचा रागावणार नाही, एवढी जवळीक हवी. ती नसते, म्हणून आपण कोरडा शिधा पाठवतो आणि सुटका करून घेतो.

ते पातेले ती माझ्याकडेच ठेवून गेली आहे. म्हणाली, “पुढच्या ईदला लागेल.” माझ्या भांड्यांच्या फळीवर ते आता माझ्याच पातेल्यांच्या रांगेत उभे आहे.