अंगठ्याचा दाब

मे महिन्यात धाराशिवच्या लेथवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. बोअरचं पाणी खाली गेलेलं, मोटारी रात्रंदिवस चाललेल्या, बुश झिजलेले, शाफ्ट खाल्लेले. गिऱ्हाईक मोटारसायकलवरून न उतरताच विचारतं, "झालं का मालक? रान वाळायलंय." मालक मान वर न करता शाफ्टाला डायल कॅलिपर लावतो.

साध्या व्हर्नियर कॅलिपरमध्ये रेषेला रेषा कुठे जुळते हे डोळे बारीक करून शोधावं लागतं. ती युक्ती पिएर व्हर्निए या फ्रेंच माणसाने १६३१ साली मांडली आणि अजून चालते. डायलवाल्यात डोळ्यांचा हा त्रास नाही. पट्टीवर बारीक दाते असतात, जबडा सरकला की त्यांवर एक छोटं चाक फिरतं आणि तबकडीवर काटा धावतो. नेहमीच्या डायलवर काट्याचा एक फेरा म्हणजे दोन मिलिमीटर आणि तबकडीवर शंभर घरं. म्हणजे एक घर ०.०२ मिलिमीटरचं. दात्यांत लोखंडाचा कीस अडकला तर काटा दाता चुकवतो आणि पुढचं प्रत्येक माप बिनबोभाट चुकतं. म्हणून आधी जबडे पुसायचे, मिटायचे आणि काटा शून्यावर येतो का ते बघायचं.

एवढं सगळे करतात. खरी गोम हातात आहे. जबडे जिथे जॉबला, म्हणजे मोजायच्या वस्तूला, टेकतात ती जागा पट्टीच्या रेषेत नसते, बाजूला असते. मोजायची लांबी आणि मोजपट्टी एकाच रेषेत हवी, हे जर्मनीच्या एर्न्स्ट आबेने १८९० साली सांगितलं होतं; कॅलिपरला ते पाळता येत नाही. अंगठ्याने जरा जास्त रेटलं की सरकता जबडा किंचित तिरका होतो आणि काटा एखाददुसरं घर कमी दाखवतो. मायक्रोमीटरला रॅचेट असतं, ठरावीक दाब झाला की ते टकटक करत सुटतं. कॅलिपरला असा राखणदार नाही. तिथे दाब ठरवतो अंगठा, आणि अंगठ्याला ड्रॉइंग पाठ असतं.

शाफ्ट पंचवीसचा हवा. काटा दाखवतो २५.०४. आणखी एक कट घ्यायचा तर वेळ जाणार, आणि दारात मोटारसायकल चालूच आहे. अंगठा नकळत थोडा आवळतो, २५.०२. अजून जरासा, पंचवीस! यात कुणी खोटं बोललेलं नसतं. मग त्या शाफ्टावर बेअरिंग हातोडीने ठोकून बसवलं जातं, आतला खेळ संपतो, ते तापतं आणि त्याचं आयुष्य घटतं. पाणी थांबतं, शिव्या मात्र बेअरिंगच्या कंपनीला बसतात. जाणता कारागीर शेवटच्या कटाआधी कॅलिपर बाजूला ठेवून मायक्रोमीटर घेतो.

तापमानही असंच फसवतं. मोजमापाचं जागतिक प्रमाण तापमान २० अंश, १९३१ पासून. धाराशिवच्या मे महिन्यात ते कुठून आणायचं? पण कॅलिपरही पोलादाचा, जॉबही पोलादाचा; दोघं सारखेच तापले तर सारखेच फुगतात आणि हिशेब बराचसा फिटतो. घोटाळा होतो तो नुकताच कट घेतलेला गरम जॉब घाईने मोजला की. शंभर मिलिमीटरची पोलादी पुली तीस अंशांनी जास्त तापलेली असेल तर ०.०३ मिलिमीटरहून अधिक वाढलेली असते. माप बरोबर म्हणून काढून ठेवावी, तर निवल्यावर ती कमी भरते.

हाताच्या खरेपणावरून याच जिल्ह्यातल्या तेरचे संत गोरोबाकाका कुंभार आठवतात. त्यांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. थापटण्याने त्यांनी जमलेल्या संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरलं. कीर्तनात सगळा भर नामदेवांच्या रागावर असतो. मला मात्र गोरोबांच्या हाताचं नवल वाटतं. समोर पाहुणा, तोही विठ्ठलाचा लाडका. हात हलका पडायला सगळी कारणं होती, आणि नामदेव चिडलेले पाहून नंतर सावरून घ्यायलाही होती. तरी निकाल बदलला नाही. सरकारी मोजणीत पिकाची पैसेवारी पन्नासच्या आत की बाहेर, यावर ज्यांचं वर्ष ठरत आलं, त्यांना अशा हाताची किंमत वेगळी सांगायला नको.

म्हणून वाटतं, आयटीआयमधल्या टर्नरच्या पोरांना ड्रॉइंग दाखवण्याआधीच जॉब मोजायला द्यावा. आकडा वहीत लिहू द्यावा. तोच जॉब दुसऱ्या पोराला, पहिल्याची वही न दाखवता. आकडे जुळले नाहीत तर कॅलिपर बदलून बघावा. तरीही जुळले नाहीत, तर दोघांनाही मायक्रोमीटर देऊन रॅचेटची टकटक ऐकायला बसवावं.