दाखला आणि विचारपूस

शरीराचा एखादा अवयव कायमचा कापून टाकण्याआधी, त्या शरीराच्या धन्याला हे का हवे आहे, त्याच्या मनाची अवस्था काय आहे आणि त्यानंतरचे आयुष्य तो कोणाच्या आधाराने निभावणार आहे, हे कोणीतरी स्वस्थपणे बसून विचारावे, ही अपेक्षा इतकी स्वाभाविक आहे की तिच्यासाठी परिषदेचा ठराव लागावा याचेच नवल वाटते. तो लागला खरा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने मार्च १९९१ मध्ये स्थूलतेवरील शस्त्रक्रियांविषयी जी विचारपरिषद भरविली, तिने रुग्णाची निवड शल्यविशारदाने एकट्याने न करता वैद्यक, आहार आणि मानसोपचार यांच्या जाणकारांनी मिळून करावी अशी शिफारस केली. आणि पुढे तिकडील अनेक विमा कंपन्यांनी मानसशास्त्रीय अहवाल जोडल्याखेरीज खर्च मंजूर न करण्याचा शिरस्ता पाडला. शिफारशीचा हेतू रुग्णाला समजून घेण्याचा होता. कचेरीत पोचताच तिचा दाखला झाला.

महाराष्ट्राला या शस्त्रक्रियेची ओळख झाली ती बव्हंशी वृत्तपत्रांतून. २०११ साली नितीन गडकरी यांनी मुंबईत ती करून घेतली, आणि २०१७ साली इजिप्तमधील एका अतिस्थूल स्त्रीला खास विमानाने मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणले गेले, तेव्हा तालुक्याच्या गावीही ‘पोट छोटे करण्याचे ऑपरेशन’ हा शब्दप्रयोग रुळला. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये या खर्चाविषयी ज्या अटी प्रमाणित केल्या त्यांत डॉक्टरांचा सल्ला आहे, अठरा वर्षांचे वय आहे, सौम्य उपाय फसल्याची अट आहे आणि देहभार निर्देशांकाचा आकडाही आहे. मनाचा उल्लेख स्वतंत्रपणे कोठेही नाही. मनाची तपासणी करणारी केंद्रे आहेत आणि ती प्रामाणिकपणे करणारे वैद्यही आहेत. परंतु ती व्हावी की नाही, आणि कशी व्हावी, हे पुष्कळ अंशी त्या त्या केंद्राच्या मर्जीवर सोपविलेले आहे.

आता ही शस्त्रक्रिया काय करते ते पाहू. सर्वाधिक प्रचलित प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढतात आणि मागे एक अरुंद नळी ठेवतात; काढलेला भाग पुन्हा जोडता येत नाही. दुसऱ्या प्रकारात अन्नाचा मार्गच वळवितात. दोन्हींनंतर माणसाने थोडे थोडे, सावकाश, चावून खावयाचे असते, जीवनसत्त्वे आणि लोह यांच्या गोळ्या बहुधा जन्मभर घ्यावयाच्या असतात, आणि ज्या घासाने आजवर दुःख, एकटेपणा किंवा अपमान गिळला तो घास आता पोटात मावत नाही हे पत्करावयाचे असते. पंगतीत आग्रह हीच माया समजणाऱ्या आपल्या मराठवाड्यात अर्धी भाकरी खाऊन पानावरून उठणाऱ्या सुनेला काय काय ऐकावे लागेल, याचा अंदाज करण्यास मानसशास्त्राची पदवी नको. म्हणून नीट घेतलेल्या मुलाखतीत विचारले जाते ते हे: रात्री सर्व निजल्यावर लपून खाता काय, खाताना हात थांबतच नाही असे होते काय, उदासीनता, दारू, जीव द्यावा असे विचार यांपैकी काही मागे आहे काय, वजन उतरल्यावर नेमके काय बदलेल असे वाटते, आणि घरात हे कोणाला ठाऊक आहे. यांतील चौथा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. वजन उतरले की नवरा परत येईल, किंवा मोडलेले लग्न जुळेल, या आशेने जी टेबलावर चढते, तिची आशा शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही विफल होऊ शकते.

तपासणीच्या समर्थकांनी येथे एक गोष्ट निखालसपणे मान्य केली पाहिजे. २०१६ साली अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात अनेक अभ्यासांचा जो एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांपैकी सुमारे १९ टक्के लोकांत विषण्णता आणि १७ टक्क्यांत अनावर खाण्याचा विकार आढळला; पण या विकारांमुळे पुढे वजन कमी उतरते असा सुसंगत पुरावा मिळाला नाही. उलट, शस्त्रक्रियेनंतर विषण्णतेचे प्रमाण घटलेले दिसले. तेव्हा ‘तुम्ही उदास आहात, सबब अपात्र’ असा शेरा मारून रुग्णाला दारातून परत पाठविण्यास शास्त्राचा आधार तोकडा आहे. मात्र कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात शस्त्रक्रिया झालेल्या ८८१५ जणांचा जो मागोवा त्याच वर्षी प्रसिद्ध झाला, त्यात स्वतःला इजा करून घेऊन तातडीच्या विभागात येण्याचे प्रमाण आधीच्या तुलनेत शस्त्रक्रियेनंतर सुमारे दीडपट झाल्याचे आढळले, आणि त्या घटना बहुतांशी दुसऱ्या व तिसऱ्या वर्षांत घडल्या होत्या. अन्नमार्ग वळविलेल्यांत दुसऱ्या वर्षी मद्याचे व्यसन वाढते, हेही २०१२ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासाने दाखविले. धोका उंबरठ्यावर कमी आणि घरात परतल्यानंतर अधिक आहे, असा याचा अर्थ मी करतो. आणि मग सर्व दक्षता उंबरठ्यावरच खर्च करून, घरी गेलेल्या माणसाकडे तीन वर्षे कोणी फिरकावयाचे नाही, ही व्यवस्था उफराटी ठरते.

बीड जिल्ह्यातून हा उपचार घेऊ इच्छिणाऱ्याला बहुधा पुण्याचा किंवा छत्रपती संभाजीनगरचा रस्ता धरावा लागतो. गुडघे गेलेली, मधुमेह जडलेली, पाच फूट तीन इंच उंचीची आणि ९६ किलो वजनाची एखादी शिक्षिका आशियाई लोकांसाठी सुचविलेल्या साडेसदतीसच्या निर्देशांकात बरोबर बसते. परंतु ‘मनाच्या डॉक्टरांना भेटून या’ असे तिला सांगितले की तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरतो, कारण गावात त्या भेटीचा अर्थ एकच लावला जातो. पुढ्यात इंग्रजी प्रश्नावली येते. सोबतचा नातेवाईक उत्तरे सुचवितो. काय बोलल्याने मंजुरी मिळते हे आधी शस्त्रक्रिया झालेल्या ओळखीच्यांकडून कळलेले असते, आणि मग रात्रीचे खाणे, रडणे, मारहाण यांतले एक अक्षरही न उच्चारता ती बाई पात्र ठरून बाहेर पडते. ज्याच्या हाती आपला नकार आहे त्याच्यापुढे माणूस कैफियत देतो. काळीज उघडत नाही. तपासनीस आणि मंजुरी देणारा हे दोन अधिकार एकाच खुर्चीत बसविले आहेत तोवर खरे उत्तर मिळण्याची आशा धरणे व्यर्थ आहे.

परंतु ज्या जिल्ह्याच्या संदर्भात मी हे लिहितो आहे, त्या जिल्ह्याने याहून भीषण प्रकार पाहिला आहे, आणि तो येथे वगळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. दसऱ्यानंतर उचल घेऊन, मुकादमाच्या टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडावयास जाणाऱ्या बीडच्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे २०१९ साली उजेडात आले. जून महिन्यात विधिमंडळात सांगण्यात आले की तीन वर्षांत जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत अशा ४६०५ शस्त्रक्रिया झाल्या. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. कित्येकींनी चाळिशीही ओलांडलेली नव्हती. पाळीत फडावर ना न्हाणी ना आडोसा, अंगावर जाते म्हणून दवाखाना गाठावा तर खाडा पडतो, खाडा पडला की पैसे कापले जातात, आणि डॉक्टर कर्करोगाची भीती घालतो. ‘पिशवी काढली की कटकट संपली’ हे वाक्य अशा वेळी सल्ल्यासारखे कानी पडते. जिल्हा प्रशासनाने नंतर जिल्हा शल्यचिकित्सकाच्या परवानगीखेरीज अशी शस्त्रक्रिया करू नये असा हुकूम काढला, तो योग्यच होता. तरीही तो पुन्हा परवानगीचाच हुकूम होता. सधन रुग्णाच्या जठराला हात लावण्याआधी मनाचा अहवाल मागावा असे निदान कोणीतरी म्हणते. कोयता हाती घेतलेल्या बाईला, ‘तुला हे खरेच हवे आहे काय, की खाड्याच्या धास्तीने म्हणते आहेस’ एवढा एक प्रश्नही कोणी विचारला असता, तर त्या १३,८६१ जणींपैकी किती जणी आज सुखरूप असत्या!

कायद्याने यासंबंधी मौन पाळलेले नाही. एका स्त्रीला तपासणीपुरती भूल दिली असता, तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व बीजकोश काढण्यात आले, त्या समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी स्पष्ट केले की सज्ञान व्यक्तीची संमती तिची स्वतःचीच हवी, आणि उपचाराचे स्वरूप, त्याचे पर्याय व धोके समजावून सांगितल्यानंतरच ती खरी संमती होय. समजावून सांगणे म्हणजे समजले की नाही हे ऐकणेही आले. आणि ऐकण्यास वेळ लागतो, त्या माणसाची भाषा लागते, सोबत आलेल्या नवऱ्याला घटकाभर बाहेर बसविण्याचे धैर्य लागते.

बीड जिल्ह्यातच अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गेली सुमारे पन्नास वर्षे उभे आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५ साली सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पात आशा कार्यकर्तींनी घरोघर जाऊन झोप, उदासी आणि निराशा यांची चौकशी करण्याचे काम याच जिल्ह्यात केलेले आहे. म्हणजे मराठवाडी बोलीत मनाविषयी विचारण्याचा सराव येथे अगदीच नाही असे नाही. माझी विनंती अशी की या महाविद्यालयाने, कोणताही अवयव कायमचा काढण्याआधी घ्यावयाच्या मुलाखतीचा एक मराठी मसुदा तयार करावा. ती मुलाखत घेणाऱ्याच्या हाती मंजुरीचा शिक्का देऊ नये. तिच्यातील मजकूर रुग्णाच्या इच्छेविना शल्यविशारदाकडेही जाऊ नये, अपवाद फक्त जिवाच्या धोक्याचा. आणि शस्त्रक्रिया पुण्यात होवो वा मुंबईत, तिच्यानंतर निदान तीन वर्षे, दर तीन महिन्यांनी, त्या माणसाची गावात विचारपूस व्हावी. याला नवी इमारत लागत नाही. जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीने हा विषय येत्या सभेच्या कामकाजात घ्यावा, आणि ऊसतोडणीचा पुढला हंगाम सुरू होण्याआधी, टोळ्या निघावयाच्या आत, पहिल्या मुलाखती कोयत्यावर जाणाऱ्या बायकांच्याच घ्याव्यात.