बॅटमनचे हसू

टिम बर्टन यांच्या 'बॅटमन रिटर्न्स' (१९९२) या चित्रपटात एक लहानसा प्रसंग आहे. सर्कसवाल्या गुंडांच्या टोळीतला एक धिप्पाड, अंगभर गोंदवून घेतलेला पैलवान बॅटमनसमोर उभा ठाकतो. बॅटमनच्या ठोशाचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही आणि तो हसतो. मग बॅटमनही हसतो. पैलवानाची नजर खाली जाते, तेव्हा आपल्या अंगाला बॉम्ब अडकवलेला आहे हे त्याला उमगते. पुढच्याच क्षणी तो खाली गटाराच्या भुयारात ढकलला जातो आणि स्फोट होतो. प्रेक्षकांत हशा पिकावा अशीच या प्रसंगाची मांडणी आहे, आणि तो पिकतोही. परंतु बॅटमनच्या चित्रकथा वाचत वाढलेल्या चाहत्यांपैकी अनेकांना हे हसू मानवले नाही. तीन दशके उलटल्यानंतरही या चित्रपटाविषयी वाद सुरू झाला, की तो याच प्रसंगापाशी येऊन अडतो.

चाहत्यांची नाराजी हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न अभ्यासकांच्या वर्तुळात विचारला जातो. लोकप्रिय करमणुकीतील आवडीनिवडी बाजाराने मोजाव्यात, समीक्षेने त्यात पडू नये, असा त्यामागचा भाव असतो. तो फारसा टिकणारा नाही. एखाद्या कथेतील नायकाने काय करू नये याविषयी हजारो माणसे मनापासून भांडतात, तेव्हा तिथे कलेचा आणि नीतीचा एक जुना प्रश्न जागा झालेला असतो.

या भांडणाला पूर्वपीठिका होती. १९८९ मध्ये बर्टन यांनीच केलेल्या पहिल्या 'बॅटमन'साठी मायकेल कीटन या तोवर विनोदी भूमिकांबद्दल ओळखल्या जाणाऱ्या नटाची निवड झाली, तेव्हा वॉर्नर ब्रदर्सकडे निषेधाची सुमारे पन्नास हजार पत्रे आल्याचे सांगितले जाते. चित्रपट आला आणि त्याच चाहत्यांनी कीटनला डोक्यावर घेतले. जगभरात त्याने चाळीस कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. साहजिकच दुसऱ्या भागाची सूत्रे दिग्दर्शकाच्या हाती बरीचशी मोकळेपणाने आली, आणि त्याने जे केले ते अनपेक्षित होते. नाताळच्या बर्फात बुडालेले, शोकमग्न गॉथम शहर. विद्रूप जन्मलेल्या बालकाला आईबापांनीच पाण्यात सोडून दिल्याची सुरुवात. मालकाने खिडकीतून ढकललेली आणि मांजरींच्या सहवासात पुन्हा जिवंत झालेली सेलिना काइल ही सेक्रेटरी. आणि या साऱ्यांत स्वतः बॅटमन मात्र बराच वेळ पडद्याबाहेर. पहिल्या आठवड्याअखेरीस अमेरिकेत कमाईचा विक्रम झाला, पण एकूण आकडा २७ कोटी डॉलरच्या आतच राहिला. मुलांच्या खाऊच्या खोक्यातून या चित्रपटाची खेळणी वाटणाऱ्या मॅकडोनल्ड्सकडे पालकांनी तक्रारी केल्या. पालकांचा आक्षेप समजण्यासारखा असला तरी इथे त्याचे महत्त्व मर्यादित आहे. तो खेळण्यांच्या विक्रीविषयी होता, कथेविषयी नव्हे.

चाहत्यांचे मात्र सरळ दोन तट पडले. एका तटाच्या मते हा चित्रपट पहिल्यापेक्षा सरस होता. त्यात दुष्टांनाही दुःख होते, मुखवट्यामागच्या एकाकीपणाला रूप होते. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे, की चित्रकथेतला पेंग्विन हा छत्री घेऊन वावरणारा चोर. त्याचे असे ओंगळ, काळी लाळ गाळणारे ध्यान करण्याचा अधिकार दिग्दर्शकाला कोणी दिला? आणि त्याहून गंभीर आरोप म्हणजे बॅटमन माणसे मारत नाही. ज्या मुलाच्या डोळ्यांदेखत आईबापांचा खून झाला, त्याने मोठेपणी स्वतःला घालून घेतलेली ही एकच मर्यादा आहे. ती काढून घेतली तर उरते ते नुसते वेषांतर.

हा आरोप वजनदार आहे. पण त्यात गृहीत धरलेला 'मूळ' बॅटमन नेमका कुठला? १९३९ च्या मे महिन्यात 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७ व्या अंकात तो प्रथम अवतरला, तेव्हा पहिल्याच कथेत त्याच्या ठोशाने एक गुन्हेगार आम्लाच्या टाकीत पडून मरतो, आणि त्याबद्दल नायकाला यत्किंचितही खंत वाटत नाही. पुढच्या वर्षी त्याने विमानातून मशिनगन चालवली. तेव्हा व्हिटनी एल्सवर्थ या संपादकाने यापुढे बॅटमन बंदूक वापरणार नाही आणि हत्या करणार नाही, असे ठरवून टाकले. म्हणजे ज्या व्रताला चाहते नायकाचा आत्मा मानतात, ते संपादकाच्या टेबलावर, बहुधा लहान वाचकांचा विचार करून जन्माला आले. निर्मात्याच्या नावाचीही तीच कथा. अनेक दशके बॅटमनचा जनक म्हणून एकट्या बॉब केन यांचे नाव छापले जात असे. व्यक्तिरेखेला आकार देणारे बिल फिंगर १९७४ मध्ये वारले आणि त्यांना अधिकृत श्रेय मिळाले ते २०१५ मध्ये.

तेव्हा मूळ रूपाच्या निष्ठेवर हा आरोप उभा राहू शकत नाही. चाहत्यांच्या नीतिमत्तेवर तो उभा करावा, तर तिथेही एक अडचण आहे. १९८८ मध्ये बॅटमनचा तरुण साथीदार रॉबिन म्हणून वावरणारा जेसन टॉड हा मुलगा जोकरच्या हाती सापडतो, अशा वळणावर प्रकाशकांनी कथा थांबवली आणि दोन दूरध्वनी क्रमांक छापले. एकावर फोन केला तर मुलगा जगेल, दुसऱ्यावर केला तर मरेल. प्रत्येक फोनला पन्नास सेंट. छत्तीस तासांत १०,६१४ मते पडली. जगवण्यासाठी ५,२७१, मारण्यासाठी ५,३४३. बहात्तर मतांनी मुलगा मेला. कथेतला मृत्यू हा खरा मृत्यू नव्हे हे मान्य केले तरी, नायकाने कोणाचा प्राण घेऊ नये असे बजावणाऱ्या वाचकवर्गानेच चार वर्षांपूर्वी, काही पैसे मोजून, त्या नायकाच्या जवळच्या माणसाचा प्राण मागितला होता. मत देणारे आणि पुढे चित्रपटावर रुष्ट झालेले हे एकच होते असे म्हणण्याचे कारण नाही. तरीही वाचकसमूहाचा कौल म्हणजे कथेची सदसद्विवेकबुद्धी, असे मानणाऱ्याने हे आकडे विसरू नयेत.

मग आक्षेपाला आधार कोणता? भारतीय काव्यशास्त्राने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. नवव्या शतकात आनंदवर्धनाने कवीला जुन्या कथेत बदल करण्याची मोकळीक दिली, इतकेच नव्हे तर रसाला बाधक ठरणारा भाग टाकून नवा कल्पावा असे सुचवले. मात्र रामायणासारख्या ज्या कथांचा रस लोकमानसात सिद्धच होऊन बसला आहे, त्यांत रसाला विरोधी अशी स्वेच्छा चालवू नये, ही मर्यादाही घातली. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि हरवलेली अंगठी कथेत आणली. महाभारतातला दुष्यंत शकुंतलेला ओळखत असूनही नाकारतो. नाटकातला विस्मृतीमुळे नाकारतो. नायक उजळला आणि रसिकांनी तक्रार केली नाही. बर्टन यांनी उलट दिशेने पाऊल टाकले. त्यांनी उजळलेल्या नायकाला पुन्हा काळोखात नेले. १९४० पासून घडत गेलेला बॅटमन हा एका अर्थी सिद्धरस नायक झाला होता, आणि त्या रसाला हे हसू विरोधी आहे, असे चाहत्यांचे म्हणणे शास्त्राच्या भाषेत मांडता येईल.

पण इथेही थांबता येत नाही. कारण विदर्भातल्या भवभूतीने हाच प्रश्न अधिक कठीण करून ठेवला आहे. रामाने वालीला आडून मारले ही रामकथेतली सर्वांत अवघड जागा. 'महावीरचरितात' भवभूतीने ती सोडवून टाकली: तिथे वाली स्वतः आव्हान देत येतो आणि समोरासमोरच्या युद्धात पडतो. परंतु 'उत्तररामचरितात' त्याच कवीने लवाच्या तोंडी रामाच्या पराक्रमाचा उपहास घातला, आणि त्यात वालिवधाचाही टोला आहे. बापाला न ओळखणारा मुलगा बापाचे उणे बोलून दाखवतो. नायकाचा दोष नाटकात शिल्लक राहतो, कोणीतरी त्याची आठवण देते आणि रसाला धक्का लागत नाही. उलट करुण अधिक खोल होतो.

या कसोटीवर बर्टन यांचा चित्रपट लावून पाहिला, तर नायकाने हत्या केली हा मुख्य आक्षेपच राहत नाही. त्या हत्येची आठवण चित्रपटाला आहे काय, एवढेच पाहावे लागते. आणि ती अर्धीमुर्धी आहे. शेवटाकडे सेलिना आपला मारेकरी मॅक्स श्रेक याचा सूड घ्यायला उभी असते. बॅटमन तिला अडवतो. याला पोलिसांच्या हवाली करू, तुझे आणि माझे दुखणे एकच आहे, असे विनवीत तो स्वतःचा मुखवटा फाडून काढतो. कीटन आणि मिशेल फायफर या दोघांनी हा प्रवेश असा केला आहे, की या प्रकारच्या चित्रपटांत त्याला तोड सापडणे कठीण. कायद्याची भाषा बोलणारा हा माणूस तासाभरापूर्वी एकाला बॉम्ब बांधून हसत होता. सेलिनाने तेवढे एक वाक्य विचारले असते, तर चित्रपट निराळ्याच उंचीवर गेला असता. ती विचारत नाही. तिला ते ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे त्या प्रेक्षकांना लेखक डॅनियल वॉटर्स आणि दिग्दर्शक त्याची आठवण करून देत नाहीत. पैलवानाला नाव नाही. तो विनोदापुरता आला आणि गेला. विद्रूप, टाकून दिलेल्या माणसाविषयी इतकी कणव बाळगणाऱ्या चित्रपटाने सर्कशीतल्या एका टाकलेल्या माणसाला असे खर्चून टाकावे, ही खरी विसंगती आहे. तिच्यावर चाहत्यांनी बोट ठेवले, जरी कारण भलतेच सांगितले.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. तिसऱ्या भागाचे दिग्दर्शन जोएल शूमाकर यांच्याकडे गेले. १९९५ च्या 'बॅटमन फॉरेव्हर'मध्ये नायक आपल्या तरुण साथीदाराला सूडाने दुःख शमत नाही असा उपदेश करतो, आणि अखेरीस मूठभर नाणी हवेत उधळतो. ती झेलताना तोल जाऊन खलनायक खोल दरीत कोसळतो. २००५ च्या 'बॅटमन बिगिन्स'मध्ये तो शत्रूला मारत नाही, फक्त वाचवायचे नाकारतो. या दोन युक्त्यांपेक्षा बर्टन यांचे उघड हसू अधिक प्रामाणिक आहे, असे म्हणणारे चाहते आज आहेत, आणि त्यांचे म्हणणे सहज खोडून काढता येणारे नाही. २०१६ मध्ये 'बॅटमन व्हर्सेस सुपरमॅन'च्या वेळी हाच वाद पुन्हा नव्याने पेटला.

'बॅटमन रिटर्न्स'च्या शेवटी नाताळच्या रात्री ब्रूस वेन मोटारीतून चाललेला असतो. भिंतीवर सेलिनाची सावली दिसल्याचा त्याला भास होतो. तो उतरतो, गल्लीत जातो. तिथे एक काळे मांजर असते. ते उचलून घेऊन तो परत येतो आणि वृद्ध आल्फ्रेडशी सणाच्या शुभेच्छांचे दोन शब्द बोलतो. गाडी निघते. बर्फ पडत असते, आणि कॅमेरा छपरांवरून वर वर जात राहतो.