पाहणाऱ्याचें ऋण

प्राचीन देश पाहावयास जाणारा मनुष्य तेथें जाऊन नेमकें काय पाहतो, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाहीं. इजिप्तचेंच उदाहरण घ्या. गीझा येथील मोठा पिरॅमिड सुमारें साडेचार हजार वर्षांपूर्वीं उभा राहिला. त्यांत तेवीस लक्षांच्या आसपास दगड असावेत असा अजमास आहे. लुक्सॉरपाशीं नाईलच्या पूर्वतीरावर कर्नाकचें अवाढव्य देवालय आहे, तर पश्चिमतीरावर राजांच्या थडग्यांची दरी. दक्षिणेस, सुदानच्या सीमेनजीक, अबू सिंबल येथें डोंगराच्या अंगांत कोरलेलीं दुसऱ्या रामसेसचीं मंदिरें. निसर्गानेंही येथें हात आखडता घेतलेला नाहीं. फायूम प्रांतांतील वादी अल्-हितान, म्हणजे देवमाशांची दरी, येथें भर वाळवंटांत सुमारें चार कोटि वर्षांपूर्वींच्या देवमाशांचे सांगाडे सांपडतात, आणि त्यांतील कांहींस मागचे बारीक पायही होते असें दिसून येतें. जेथें आज पाण्याचा टिपूस नाहीं तेथें एके काळीं समुद्र होता, याची ती साक्ष. आणि या सर्वांमधून, दोन्ही बाजूंस हिरवा कांठ घेऊन, नाईल नदी वाहत असते. हें पाहून ज्याचें मन भारावून जाणार नाहीं असा मनुष्य विरळा.

परंतु भारावून जाणें निराळें आणि पाहणें निराळें. आपल्याकडे तीर्थयात्रेस जाणारा मनुष्य त्या क्षेत्राचें कांहीं देणें लागतो अशी जुनी समजूत आहे. तो नदीची ओटी भरतो, क्षेत्रोपाध्यायास दक्षिणा देतो, वाटेवरील याचकाच्या पदरांत पसाभर धान्य टाकतो. या आचारांत पुढें पुष्कळ दांभिकपणा शिरला हें खरें. पण त्यांच्या मुळाशीं असलेली कल्पना मोलाची होती. क्षेत्र पाहावयाचें म्हणजे तेथील माणसांच्या ऋणांत शिरावयाचें, अशी ती कल्पना. आधुनिक प्रवाशानें ती टाकून दिली आणि तिच्या जागीं दुसरी, दिसावयास अधिक उदात्त अशी कल्पना बसविली. प्राचीन अवशेष हे कोणा एका राष्ट्राचे नसून अखिल मानवजातीचा वारसा होत, असें आतां सर्वत्र मानलें जातें. १९७२ सालच्या जागतिक वारशाच्या करारानें या विचारास कायद्याचें रूपही आलें. हा विचार खोटा आहे असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. आम्हांस विचारावयाचें आहे तें इतकेंच कीं, जें सर्वांचें म्हणून राखावयाचें, त्याची किंमत कोणीं द्यावयाची?

या प्रश्नाचा विचार करण्यास अबू सिंबलइतकें बोधप्रद दुसरें स्थळ क्वचितच सांपडेल. १९६० सालीं अस्वान येथें नाईलवर उंच धरणाचें काम सुरू झालें. धरणामागें होणाऱ्या अफाट जलाशयाच्या पोटांत न्यूबिया प्रदेशांतील प्राचीन देवळें गडप होणार, हें उघड होतें. त्याच वर्षाच्या मार्च महिन्यांत युनेस्कोनें जगाला मदतीची हांक दिली, आणि जगानें ती ऐकली. अबू सिंबल येथील दोन्ही मंदिरें डोंगरांतून करवतींनीं कापून काढण्यांत आलीं. त्यांचे हजाराहून अधिक तुकडे झाले. त्यांतील कित्येकांचें वजन वीस टनांच्या घरांत होतें. १९६४ ते १९६८ या काळांत तीं मंदिरें मूळ जागेपासून सुमारें दोनशें मीटर मागें व पासष्ट मीटर उंचावर जशींच्या तशीं उभीं करण्यांत आलीं. खर्च चार कोटि डॉलरांच्या आसपास आला. वर्षांतून दोनदां, फेब्रुवारी व ऑक्टोबर महिन्यांत, उगवत्या सूर्याचे किरण थेट गाभाऱ्यांतील मूर्तींवर पडतात. हा योगही नव्या जागीं साधला, इतकें तें काम काळजीपूर्वक झालें. फायली बेटावरील इसिस देवीचें मंदिर असेंच शेजारच्या बेटावर नेऊन १९८० सालीं लोकांस खुलें करण्यांत आलें. मदतीची जाणीव म्हणून इजिप्तनें कांहीं लहान देवळें परदेशांस दिलीं. त्यांतील देंदूरचें आज न्यूयॉर्क येथील एका संग्रहालयांत आहे, तर देबोदचें माद्रिद शहरांत. जगाचे दोन तट पडून एकमेकांवर डोळे वटारीत असतांना सर्वांनीं मिळून हे दगड वांचविले, ही विसाव्या शतकास भूषणावह गोष्ट होय.

आतां त्याच जलाशयाची दुसरी हकीकत ऐकावी. न्यूबिया ही निर्जन भूमि नव्हती. नदीच्या दोन्ही तीरांवर न्यूबियन लोकांचीं खेडीं वसलेलीं होतीं. त्यांची भाषा निराळी, रीतिरिवाज निराळे. ऐसपैस अंगणांचीं मातीचीं घरें, भिंतींवर रंगीत चित्रें, दरवाजांवर कौतुकानें बसविलेल्या चिनी मातीच्या बशा, आणि नदीच्या कडेनें खजुरीचीं झाडें, असा त्यांचा संसार. १९०२ सालीं अस्वान येथें पहिलें धरण झालें. १९१२ आणि १९३३ सालीं त्याची उंची वाढली. दर वेळीं पाणी चढलें, आणि दर वेळीं या लोकांनीं आपलीं घरें आणखी वरच्या अंगास नेलीं. उंच धरणानें मात्र वर नेण्यास जागाच ठेविली नाहीं. १९६३-६४ सालीं इजिप्तमधील सुमारें पन्नास हजार न्यूबियनांस कोम ओंबोजवळच्या नव्या वसाहतींत नेण्यांत आलें. सुदानांतील वादी हाल्फाकडील जवळजवळ तितक्याच लोकांस शेंकडों मैल दूर खश्म अल्-गिर्बा येथें जावें लागलें. नवीं घरें रांगेनें बांधलेलीं, एकसारखीं, आणि नदीपासून लांब होतीं. शाळा व दवाखाने जवळ आले, हेंही नमूद केलें पाहिजे. परंतु ज्यांच्या जन्माचे आणि लग्नाचे विधि नाईलच्या पाण्यावांचून पुरे होत नव्हते, त्यांस नदी दिसेनाशी झाली. वाडवडिलांच्या कबरी तळाशीं गेल्या. मंदिराचें तोंड ज्या दिशेस होतें ती दिशा शिल्पज्ञांनीं चुकूं दिली नाहीं. माणसांचीं तोंडें नदीकडे होतीं, तीं मात्र फिरविण्यांत आलीं. २०१४ सालच्या इजिप्तच्या राज्यघटनेंत न्यूबियनांस दहा वर्षांच्या आंत मूळ प्रदेशांत परत आणण्याचें वचन घालण्यांत आलें. ती दहा वर्षें २०२४ सालींच सरलीं.

यावर कोणी म्हणेल कीं, धरणामुळें कोट्यवधि लोकांस वीज मिळाली, शेतीस बारमाही पाणी मिळालें. त्यापुढें लाखभर लोकांचें स्थलांतर ही गोष्ट अटळ होती. धरण बांधावयास नको होतें, असा आमचा आग्रह नाहीं. पण या युक्तिवादाचें एक वैगुण्य ध्यानांत घ्यावें. बहुतांच्या हिताचा हाच तराजू लावला असता तर मंदिरेंही पाण्यांत जाऊं द्यावयास हवीं होतीं. कोट्यवधींच्या भाकरीपुढें चार पाषाणमूर्तींचें वजन किती भरणार? जगानें तेथें तो तराजू लावला नाहीं. कांहीं गोष्टी तराजूंत घालावयाच्याच नसतात, असें जगानें त्या वेळीं एकमुखानें कबूल केलें. मग त्या गोष्टींत देऊळ बसलें आणि गांव बसलें नाहीं, हें कसें?

दुसरा आक्षेप याहून सूक्ष्म आहे. दगड एकदां गेला कीं कायमचा गेला. माणूस कोठेंही नेला तरी मूळ धरतो, असें म्हणतात. यांत सत्याचा अंश आहे. परंतु माणूस सोसूं शकतो, एवढ्यावरून त्याला सोसावयास लावण्याचा अधिकार कोणास प्राप्त होत नाहीं. शिवाय एकेकटा माणूस तगला तरी गांव तगतोच असें नाहीं. एखाद्या भाषेंतील नदीच्या नाना अवस्थांचीं नांवें, खजुरीच्या एका झाडांत चार घरांनीं राखलेली वांटणी, आळीआळीचें नातें, या गोष्टी क्रमांक घालून हलवितां येत नाहींत. त्या दृष्टीनें पाहतां गांव हाही एक कोरीव अवशेष आहे, आणि तो दगडाहून ठिसूळ आहे.

लुक्सॉरच्या पश्चिमतीरावरील कुर्ना गांवाचा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि तो टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. येथील घरें प्राचीन सरदारांच्या थडग्यांवर व त्यांच्या अवतीभवतीं बांधलेलीं होतीं. सांडपाण्यानें भिंतींवरील चित्रें बिघडत, आणि थडग्यांतील वस्तूंची चोरटी विक्रीही होत असे. १८८१ सालीं सरकारच्या हातीं आलेला राजशवांचा प्रसिद्ध सांठा प्रथम याच गांवच्या एका कुटुंबास सांपडला होता, आणि त्यांतील वस्तु कित्येक वर्षें गुपचूप विकल्या जात होत्या. १९४० नंतरच्या दशकांत हसन फथी या विख्यात वास्तुशिल्पज्ञानें या लोकांसाठीं मातीच्या विटांचें एक देखणें गांव रचिलें. पण बहुतेक लोक तिकडे फिरकले नाहींत. अखेर २००६ सालापासून जुनीं घरें पाडण्यांत आलीं. येथें दगडांची बाजू खरोखरच बळकट आहे, हें आम्ही मान्य करितों. तथापि दोन गोष्टी विसरतां येत नाहींत. चोरीचा माल विकणारा कुर्न्याचा असला तरी विकत घेणारे श्रीमंत रसिक दूरदेशींचे होते, आणि त्यांचीं घरें कोणीं पाडलीं नाहींत. तसेंच, पुराणवस्तुसंशोधकांसाठीं शतकाहून अधिक काळ घाम गाळून उत्खननाचे खड्डे खणणारे हातही याच खेड्यांचे होते.

कुर्न्यापासून जवळच, डोंगराच्या एका घळींत, डेर अल्-मदिना येथें राजांचीं थडगीं कोरणाऱ्या कारागिरांच्या वस्तीचे अवशेष आहेत. तिसऱ्या रामसेसच्या कारकीर्दीच्या एकोणतिसाव्या वर्षीं, म्हणजे ख्रिस्तपूर्व ११५७ च्या सुमारास, धान्याचा शिधा वेळेवर मिळेना म्हणून या कारागिरांनीं काम थांबविलें आणि देवळांपाशीं जाऊन ठाण मांडलें. आम्ही भुकेनें आणि तहानेनें येथें आलों, अशा अर्थाचें त्यांचें गाऱ्हाणें पपायरसवर लिहिलेलें आजतागायत शिल्लक आहे. या वस्तीच्या गुडघाभर भिंती आपण आदरानें पाहतों, त्या कां? त्यांत कला आहे म्हणून नव्हे. तेथें माणसें राहत होतीं, उपाशी राहत होतीं आणि बोलत होतीं, म्हणून. तीन हजार वर्षांपूर्वींची चूल वारसा ठरते आणि परवांपरवांपर्यंत पेटणारी चूल अतिक्रमण ठरते. हा फरक चुलींतील आहे, कीं केवळ पाहणाऱ्याच्या डोळ्यांतील?

हा प्रश्न फक्त नाईलकांठचा आहे असें कोणीं समजूं नये. गोव्यांतील कुर्डी हें गांव, गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचें जन्मस्थान, साळावली धरणाच्या पाण्याखालीं गेलें. तेथील महादेवाचें दगडी देऊळ दगड दगड सोडवून दुसरीकडे पुन्हां उभारण्यांत आलें. माणसेंही दुसरीकडे गेलीं. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं गांवाचे पाये उघडे पडतात, आणि जुने गांवकरी तेथें एकत्र जमतात. त्याच सुमारास तो देखावा पाहावयास लांबलांबचे प्रवासीही येतात. दोघांच्या डोळ्यांपुढें एकच जोतें असतें. एकाला तें नवल वाटतें, दुसरा त्यावर आपला उंबरठा शोधीत असतो.

मग प्राचीन देश पाहावयास जाऊंच नये कीं काय? तसें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. अवश्य जावें. अबू सिंबलच्या त्या सुमारें वीस मीटर उंचीच्या मूर्तींपुढें उभें राहून मस्तक लववावें, आणि ज्यांनीं त्या कोरल्या व ज्यांनीं त्या वांचविल्या, त्या दोघांनाही धन्यवाद द्यावेत. परंतु एखादी गोष्ट सर्वांची आहे असें ज्या क्षणीं आपण म्हणतों, त्याच क्षणीं तिच्यापायीं उठलेलीं माणसेंही सर्वांच्या वांट्यास येतात, याचें भान ठेवावें. हक्क सर्वांचा आणि भार शेजाऱ्याचा, हा व्यवहार घरांत शोभत नाहीं. तो जगांतही शोभूं नये. अवशेषांसाठीं निधि गोळा करणाऱ्या राष्ट्रांनीं विस्थापितांसाठींही तितक्याच तत्परतेनें हात पुढें करावा, अशी मागणी करणें हें आपल्यासारख्या सामान्य माणसांचें काम आहे. आणि ज्याला इतकें करणें शक्य नसेल, त्यानें एक तरी करावें. एखादें रम्य, शांत, मोकळें स्थळ पाहतांना, हें आपल्यासाठीं मोकळें कोणीं करून दिलें आणि तीं माणसें आज कोठें आहेत, एवढें वाटाड्यास विचारावें. वाटाड्या बहुधा तेथलाच असतो, आणि त्याच्यापाशीं उत्तर असतें. त्याला तें कोणी विचारीत नाहीं.